खिडकीत दोघी

१

गेसीना टेर हॉर्स्टला चर्चगल्लीत भाड्यानं घर मिळालं तेव्हा ती एकसष्ट वर्षांची होती, आणि यादीत नाव घातल्याला अकरा वर्षं उलटून गेली होती. तेवढ्या काळात यादीतली निम्मी माणसं कंटाळली आणि रिंगरोडपलीकडच्या नव्या इमारतींत लिफ्टवाले फ्लॅट घेऊन मोकळी झाली. गेसीना थांबली. थांबण्यात तिचा हात धरणारं गावात कुणी नव्हतं. तीस वर्षं तिनं कालव्यावरचा उचलपूल सांभाळला होता. बोट दिसली की घंटा द्यायची, फाटक पाडायचं, पूल वर घ्यायचा. बोट गेली की पुन्हा खाली. तीस वर्षांत तिचा पूल एकदाही उशिरा उघडला नाही, की तिच्या पुलावर कुणाच्या सायकलीचं चाक वाकलं नाही. पुढे सगळे पूल दूरच्या कचेरीत बसून, कॅमेऱ्यावर बघून उघडायला लागले तेव्हा तिला एक गुच्छ मिळाला. तो गुच्छ तिनं पुलावरच्या खोलीतच ठेवला आणि ताठ मानेनं घरी आली.

चर्चगल्लीतलं घर तसं इवलंसं. खाली रस्त्याकडची खोली, तिच्यामागे स्वयंपाकघर, अरुंद जिना आणि वर निजायची खोली. पण रस्त्याकडची खिडकी मात्र माणूसभर उंचीची होती, आणि दारापुढे निळ्या दगडाची पायरी होती. त्या गल्लीतल्या अशा पाच पायऱ्या गेसीनाची आई गुडघ्यांवर बसून, सोड्याच्या पाण्यानं घासायची. हिवाळ्यात तिचे हात फुटून लाल व्हायचे. पायरी घासायची पुढची, आणि पैसे घ्यायला जायचं मागच्या दारानं. पुढच्या दारानं ती त्या गल्लीत एकाही घरात कधी गेली नाही.

किल्ली मिळाली त्या दिवशी गेसीनानं पुढचं दार उघडलं, लावलं आणि उगाचच पुन्हा उघडलं.

तिचा थोरला भाऊ बेरेंड सामानाची गाडी घेऊन आला होता. गावाबाहेर त्याच्या मेंढ्या होत्या आणि त्याच्या बुटांना कायम त्यांचाच वास असायचा.

"बूट पुसायचे का, राणीसाहेब?" तो म्हणाला.

"पुसायचे. आणि मग काढायचे," गेसीना म्हणाली.

"चर्चगल्लीत आली नाही तोवर डोकं फिरलं हिचं!"

ती हसली. पण बूट काढायला लावलेच.

सकाळी दहाला ती खिडकीपाशी कॉफी घेऊन बसायची. त्या गावात दिवसा पडदे कुणी ओढत नाही. दिवसाढवळ्या पडदा ओढलेला दिसला तर घरात कुणी गेलं तरी असणार, नाहीतर काहीतरी लपवायचं असणार. जाणारा येणारा सहज आत बघतो, मान झुकवतो आणि पुढे जातो. आतल्या माणसानंही मान झुकवायची आणि आपल्या कॉफीकडे वळायचं. गेसीनाला तो अर्धा तास फार आवडायचा. वेताच्या खुर्चीत पाठ ताठ ठेवून ती बसायची, गुडघ्यावर बशी, बशीत एक बिस्किट, आणि डब्याचं झाकण घट्ट लावलेलं. अशीच आणखी एक खुर्ची मागे कपाटाजवळ होती. जुन्या बाजारातला विकणारा जोडी मोडायला तयार झाला नव्हता, म्हणून ती दुसरी आली. तिच्यावर कुणी बसत नसे.

ऑक्टोबरच्या एका मंगळवारी टपालवाली हारमिना खिडकीवरून गेली. तिनं गेसीनाकडे बघून मान झुकवली. मग नजर थोडी आत वळवून, पाहुण्याला करतात तशी, पुन्हा एकदा झुकवली.

२

एखाद्या वेळी होतं असं. मान अवघडलेली असते माणसाची.

पण बुधवारी पाववाल्यानं तेच केलं. गुरुवारी कुत्रं फिरवणाऱ्या म्हाताऱ्यानं टोपीला दोनदा हात लावला. शुक्रवारी गेसीनानं कॉफी तशीच ठेवून मोजदाद केली. दहा ते साडेदहा सतरा माणसं गेली. चौघांचं लक्ष नव्हतं. दोघं फोनवर बोलत होते. उरलेल्या अकरांनी दोनदा मान झुकवली, एकदा तिला आणि एकदा तिच्या मागे, कपाटाच्या बाजूला.

पुलावर काढलेल्या तीस वर्षांनी तिला एक गोष्ट शिकवली होती. पाण्यावर काही विचित्र दिसलं तर आधी उजेड कुठून येतोय ते बघायचं. तिनं बघितलं. कपाटाशेजारी भिंतीवर आरसा होता. आरशात तिचीच पाठ दिसत असणार, आणि बाहेरून ती बसलेली दुसरी बाई वाटत असणार. आपण आधीच हे ओळखायला हवं होतं, असं म्हणत तिनं आरसा काढून माळ्यावर नेऊन ठेवला. शनिवारी बाजारचा दिवस, चर्चच्या मनोऱ्यावर घंटांची धून चाललेली, गल्लीत माणसांची रीघ. ती पाठ ताठ करून बसली. माणसं जात राहिली. एकदा, आणि मग मागे, पुन्हा एकदा.

ती उठून मागच्या खुर्चीत जाऊन बसली. तिथून काय दिसतं? खिडकी, खिडकीतला रस्ता, आणि उजेडासमोर काळी दिसणारी तिची रिकामी खुर्ची. बाकी काही नाही. दोन मिनिटं बसून ती उठली. बसावंसं वाटलं नाही. कुणाच्या तरी जागेत बसल्यासारखं वाटत होतं, आणि स्वतःच्या घरात असं वाटल्याचा तिला राग आला.

आवाज मात्र होता, हे तिनं स्वतःशी कबूल केलं. ती स्वयंपाकघरात असली की पुढच्या खोलीत वेत करकरायचा. माणूस खुर्चीत टेकतो, मग जरा मागे सरकून नीट बसतो, तसा दोन टप्प्यांत. आता वेत वाळला की करकरतोच. त्यात काय!

रविवारी चर्च सुटल्यावर बेरेंड आला. त्यानं बूट काढले, आत डोकावला आणि म्हणाला, "गेली वाटतं?"

"कोण?"

"तुझी पाहुणी. आत्ता खिडकीतून बघितली की! मी मान हलवली, तिनंही हलवली. माणूस शिष्ट असलं तरी रीतीचं आहे म्हटलं."

गेसीनानं कॉफी ओतली. "कशी होती दिसायला?"

"मी काय निरखून बघितलं? बायकांना निरखायचं माझं वय गेलं." तो खुर्चीत टेकला, समोरच्या, मागच्या नव्हे. "आपल्यातली वाटली. पाठ तुझ्यासारखीच, बांबू घातल्यासारखी. मला वाटलं, आतेकडची कुणीतरी."

"कुणी आलं नव्हतं, बेरेंड."

त्यानं तिच्याकडे बघितलं आणि मोठ्यानं हसला. "मग बरंय की, सीना! सोबतीण मिळाली, आणि ती बिस्किटंही खात नाही. तुला असलीच हवी होती."

३

समोरच्या घरात बाई फान हील राहायच्या. त्या औषधवाल्याच्या विधवा, वय ऐंशीच्या पुढे. गेसीनाच्या आईनं घासलेल्या पाच पायऱ्यांतली एक त्यांची. गेसीना राहायला आली तेव्हा त्यांनी हात पुढे करून "आलात, बरं झालं," असं म्हटलं होतं. त्या तीन शब्दांचा अर्थ काय लावायचा यावर गेसीनाचा एक आठवडा गेला होता.

नोव्हेंबरात गेसीना पायरीवरची पानं झाडत होती, तेव्हा बाई फान हील काठी टेकत रस्ता ओलांडून आल्या.

"तुमच्या पाहुण्या बऱ्याच दिवसांच्या आहेत," त्या म्हणाल्या.

"माझ्याकडे पाहुणे नाहीत, बाई."

"नाही म्हणजे, मला काय करायचंय! पण तुम्ही बाजारात जाता तेव्हा त्या तुमच्या खुर्चीत येऊन बसतात. मी रोज बघते. छान बसतात. या गल्लीत कसं बसावं हे हल्लीच्यांना कळतच नाही." त्यांनी गेसीनाच्या हातातल्या झाडूकडे बघितलं. "पायरीबियरी त्या काही झाडत नाहीत वाटतं?"

"माझी पायरी मीच झाडते."

"हो ना. सवय असते एकेकाला," बाई फान हील म्हणाल्या आणि काठी टेकत परत गेल्या.

गेसीना आत आली. कानशिलं तापली होती. भीतीपेक्षा रागच जास्त होता. माझ्या खुर्चीत! तिनं मागची वेताची खुर्ची उचलली, मागच्या अंगणातल्या छपरीत नेली आणि बाहेरून कडी घातली. बसायला जागाच नाही म्हटल्यावर कोण बसतं ते बघू.

दुसऱ्या दिवशी दहाला ती खिडकीशी बसली. हवा कोरडी होती, ऊन तिरपं पडलं होतं. पाववाला आला. त्यानं तिला मान झुकवली. मग त्याची नजर वर गेली, तिच्या डोक्याच्याही वर, तिच्या डाव्या खांद्यामागे, आणि त्यानं तिथं मान झुकवली. बसलेल्या माणसाला कुणी इतक्या वर बघून नमस्कार करत नाही.

ती हलली नाही. बशीवरचा कप तिनं दुसऱ्या हातानं धरला. टपालवाली आली. तिचीही नजर आधी खाली, मग वर. मग तो कुत्रेवाला म्हातारा. प्रत्येक जण तिच्या डाव्या खांद्याच्या मागे बघत होता. मागे वळून बघणं अगदी सोपं होतं. वळलं की झालं. भिंत दिसली असती, कपाट दिसलं असतं. पण आपल्याच घरात, भर रस्त्यासमोर, घाबरल्यासारखं मागे वळून बघायचं? चर्चगल्लीत? तिनं पाठ खुर्चीला लावली नाही, आणि साडेदहापर्यंत मान सरळ ठेवून बसली.

साडेदहाला ती उठली, छपरीत गेली, कडी काढली आणि खुर्ची परत आणून कपाटाशेजारी ठेवली.

"बसायचं तर बस," ती खोलीला म्हणाली. "माझ्या डोक्यावर उभं राहायचं काम नाही."

ती स्वयंपाकघरात जाईपर्यंत काही झालं नाही. नळ सोडल्यावर पाण्याच्या आवाजाआडून ऐकू आलं. वेत करकरला, थांबला, आणि मग पुन्हा करकरला.

४

संस्थेचं पत्र फेब्रुवारीत आलं. गावातली जुनी घरं सांभाळून भाड्यानं देणाऱ्या त्या संस्थेचा रिवाज असा होता की, पहिलं वर्ष कच्चा करार, मग पक्का, आणि पक्का झाला की मरेपर्यंत घर तुमचं. पत्रात लिहिलं होतं की घर एका माणसासाठी दिलं असून तिथं दुसरी व्यक्ती राहत असल्याचं कळलं आहे. तरी व्यवस्थापक ओस्टिंग मंगळवारी सकाळी येतील.

गेसीनानं पत्र तीनदा वाचलं. आयुष्यात कुणी तिला खोटारडी म्हटलं नव्हतं.

ओस्टिंग उंच, पडेल खांद्यांचा, पन्नाशीचा माणूस होता. दारातच त्यानं पाय पुसले, पुन्हा पुसले.

"राग मानू नका, बाई. चौकशी करणं माझं कामच आहे. तिघांनी वेगवेगळं सांगितलं, म्हणून."

"चौघांनी सांगितलं असतं तर ती दिसली असती का?" गेसीना म्हणाली. "या. घर बघा."

"तसं काही बघायची गरज..."

"आहे. आलात ते त्यासाठीच ना? मग बघून जा."

तिनं त्याला घरभर फिरवलं. जिन्याखालचं कपाट उघडून दाखवलं, त्यात झाडू आणि इस्त्रीचं टेबल. वर एक पलंग, एक उशी. न्हाणीत एक टॉवेल, पेल्यात एक ब्रश. धुवायच्या कपड्यांची टोपली तिनं त्याच्यापुढे ओतली तेव्हा तो कानापर्यंत लाल झाला.

"पुरे, बाई, पुरे."

"माळा राहिला."

"नको."

"नाही, चढा. शिडी मी धरते. उगाच पुढे म्हणाल, माळ्यावर होती."

माळ्यावर धूळ होती आणि भिंतीला टेकवलेला एक आरसा. खाली उतरल्यावर ओस्टिंगनं गुडघे झटकले. त्यानं कॉफी घेतली, एक बिस्किट घेतलं, दुसऱ्यासाठी डब्याकडे बघितलं आणि झाकण बंद झालेलं पाहून हात मागे घेतला.

"मी तुमची क्षमा मागतो," तो म्हणाला, आणि खरोखरच मागितली. "पक्का करार पुढच्या आठवड्यात पाठवतो. इतकं लखलखीत घर आमच्या यादीत दुसरं नाही. हे मी सगळ्यांना सांगणार."

"सांगा," गेसीना म्हणाली. छाती भरून आली होती. आईला हे ऐकायला मिळायला हवं होतं, असं तिला वाटलं.

ती त्याला सोडायला पायरीपर्यंत गेली. दार मागे उघडंच होतं. बाहेर लख्ख ऊन होतं, दगड ओले होते. ओस्टिंगनं तिचा हात हातात घेऊन हलवला आणि निघाला. दोन पावलांवर खिडकी. गावातल्या कुणाही माणसासारखी त्याची मान आपसूक खिडकीकडे वळली, आणि तिथं त्यानं ती अदबीनं झुकवली.

मग तो थांबला. त्यानं सावकाश वळून पायरीवर उभ्या असलेल्या गेसीनाकडे बघितलं. पुन्हा खिडकीकडे बघितलं. त्याच्या तोंडावरचा रंग उतरत गेला.

"मग..." तो म्हणाला, "मग ही कोण?"

गेसीना पायरी उतरून त्याच्याजवळ गेली. आपलं घर तिनं बाहेरून कितीदा बघितलं होतं. खिडकी धुताना तर दर शुक्रवारी. पण खोलीत कुणी नसताना बाहेरून बघायचं कधी सुचलं नव्हतं, कारण त्यात बघायचं काय?

काचेत समोरच्या घराची विटांची भिंत दिसत होती, चर्चच्या मनोऱ्याचा एक तुकडा, आणि आभाळ. त्या सगळ्याच्या आत, खिडकीजवळच्या खुर्चीत, एक पाठ होती. ताठ. मग बाहीचा एक भाग. ती बाही निळी होती की काचेतलं आभाळ निळं होतं, सांगता येईना. हनुवटी किंचित वर. गुडघ्यावर बशी. चेहऱ्यावर मनोऱ्याचं प्रतिबिंब आडवं पडलं होतं, त्यामुळे चेहरा दिसला नाही. पण बसण्यात काही संकोच नव्हता. रस्त्यावरून माणसं आपल्याला बघतात हे जिला माहीत आहे, आणि ज्यांनी बघावं त्यांनी बघावं असं जिला वाटतं, अशी ती बसली होती. अकरा वर्षं यादीत थांबावं लागलं असेल, असं काही तिच्या बसण्यात नव्हतं. गुडघ्यांवर रांगलेल्या बाईची मुलगी ती वाटत नव्हती.

आतल्या बाईनं रस्त्यावरच्या दोघांकडे बघून मान किंचित झुकवली.

आणि गेसीनाला कळायच्या आत तिचीही मान झुकली. रस्त्यावरून जाणाऱ्यानं झुकवावी तशी. किंचित जास्तच.

"ऊन पडलंय काचेवर," ओस्टिंग म्हणाला. मग तो भराभर बोलायला लागला. "बाई, ऐका माझं. रिंगरोडपलीकडे आमचा एक फ्लॅट रिकामा आहे. दुसरा मजला, लिफ्ट आहे, बाल्कनीत दिवसभर ऊन. उद्या किल्ली देतो. यादीबिदी काही नाही. मी बघतो सगळं."

समोरच्या खिडकीत बाई फान हीलनी मान उंचावून बघितलं. पाववाला दुकानाच्या दारात आला होता.

"माझं घर हे आहे," गेसीना म्हणाली. गल्लीभर ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली. "करार पाठवा."

ती पायरी चढली आणि आत जाऊन तिनं दार लावून घेतलं. खोलीत कुणी नव्हतं. ओस्टिंगच्या नादात तिनं स्वतःच्या ज्या कॉफीला हातही लावला नव्हता, तिचा कप तळापर्यंत रिकामा होता. तिनं खुर्चीवर हात ठेवला. वेत कोमट होता.

ती त्याच खुर्चीत बसली. आणि उजेड असेपर्यंत उठली नाही.

५

त्या दिवसापासून दुसरा नमस्कार थांबला.

तिनं आधी विश्वास ठेवला नाही. आठवडाभर मोजलं. पाववाला, टपालवाली, कुत्रेवाला, सगळ्यांनी एकदाच मान झुकवली, तिच्याकडे बघून, तिच्या खुर्चीकडे बघून. मागे कुणी बघेना. वेतही करकरायचा बंद झाला. गेसीना स्वयंपाकघरात नळ बंद करून ऐकत उभी राहायची. पुढच्या खोलीत घड्याळाशिवाय काही नसायचं. करार आला. तिनं टपोऱ्या अक्षरात सही केली आणि स्वतः चालत जाऊन संस्थेच्या पेटीत टाकला. परत येताना बाई फान हील पायरीवर उभ्या होत्या. त्यांनी हात पुढे केला आणि या वेळी म्हणाल्या, "तुम्ही या गल्लीला शोभता, बाई." गेसीनाच्या मनात आलं, की पूल उचलताना साखळ्यांना ताण बसतो तेव्हाच त्या करकरतात, एकदा पूल वर गेला की सगळं शांत होतं. आपण जोर लावला आणि जिंकलो. बस्स, एवढंच होतं ते.

बारीकसारीक गोष्टींकडे तिनं लक्ष दिलं नाही. पाववाल्यानं दुकानात तिला तिचं नाव विचारलं, ऑर्डर लिहून घ्यायला. गर्दी असते, विसरतो माणूस. हारमिनानं पाकीट तिच्या हातात दिलं आणि म्हणाली, "बाईंना द्या हं." घाईत बोलली असेल.

मार्चच्या पहिल्या रविवारी ती खिडकीशी बसली होती. चर्च सुटलं. गल्लीच्या टोकाला बेरेंड दिसला, डोक्यावर टोपी, पाय नेहमीसारखे फेंगडे. मेंढ्या विण्याचा हंगाम म्हणून महिनाभर त्याला यायला जमलं नव्हतं. कराराची आपल्याकडची प्रत त्याला दाखवायची होती, ओस्टिंगला माळ्यावर चढवल्याची गोष्ट सांगायची होती; तो खोकेपर्यंत हसला असता. खिडकीसमोर आल्यावर त्यानं दात दाखवून हात वर केला. तिनं मान झुकवली. त्यानं घंटी वाजवली. ती उठली आणि दाराकडे गेली.

पुढच्या दाराआतल्या बोळात पोचली आणि मागे, खोलीत, वेत करकरला. थांबला. पुन्हा करकरला.

तिनं दार उघडलं.

बेरेंडनं तिच्याकडे बघितलं आणि टोपी काढली. बहिणीसमोर त्यानं उभ्या जन्मात कधी टोपी काढली नव्हती.

"नमस्कार, बाई," तो म्हणाला. "सीना आहे ना घरात?"

ती त्याच्या हसण्याची वाट बघत राहिली. आता हसेल, मग हसेल. त्याचे ओठ हलले नाहीत. अनोळखी माणसापुढे माणूस उभा राहतो तसा तो उभा होता, टोपी दोन्ही हातांत धरून, जरा अवघडून.

"मीच सीना आहे, बेरेंड," ती म्हणाली.

त्यानं ऐकलं की नाही कुणास ठाऊक. त्याची नजर तिच्या खांद्यावरून आत गेली होती, खोलीच्या उघड्या दारातून खिडकीपर्यंत. आणि तिथं त्याचा चेहरा फुलला, जसा साठ वर्षं तिला बघून फुलत आला होता.

"अगं, बसून राहिलीस होय!" तो आत बघून ओरडला. बूट न पुसताच तो गेसीनाच्या बाजूनं, अंग चोरून, पुढे सरकला. "काय हे, राणीसाहेब! दार उघडायलासुद्धा माणूस ठेवलंस?"

आतून उत्तर आलं. शब्द तिला कळले नाहीत. आवाज मात्र तिचाच होता, बांबू घातल्यासारखा सरळ, आणि त्यावर बेरेंड खोकेपर्यंत हसला.

गेसीना दाराची मूठ धरून उभी होती. पायरीवर ऊन आलं होतं, आणि समोर गल्ली संपेपर्यंत मोकळी होती. तिनं दार लावलं, आतून, आणि कडी घातली. मान ताठ केली. मग आपल्या खिडकीच्या खोलीकडे निघाली.